गडावरील अधिकारविभागणी व तिचें प्रयोजन

रेवदंड्याचा कोट व कुंडलिकेच्या मुखापलीकडील कोर्लई हीं ठाणीं १७४० मध्यें फिरंग्यांकडून मराठ्यांच्या हातीं आलीं. फिरंगी अमलांत ठाण्यावर एक कप्तान असे व त्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची असे. सत्ता एकाच्याच हातीं, परंतु थोडा काळ, हा त्यांचा उपाय. मराठी राज्यानें याच प्रश्नाचें उत्तर निराळ्या रीतीनें शोधिलें होतें.

प्रश्न असा कीं, राजा दूर असतां गड राखणाराच गड विकूं लागला तर काय करावें? राजारामाच्या कारकीर्दींत बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदानें शिवकालीन व्यवस्था दिली आहे. गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत हे तिघे एकाच योग्यतेचे. किल्ल्या व दरवाजे हवालदाराकडे, हजिरी व हिशेब सबनीसाकडे, लोक व पहारे सरनोबताकडे. कोठारासाठीं कारखाननीस वेगळा. हवालदार व सरनोबत मराठे, सबनीस ब्राह्मण, कारखाननीस प्रभु. म्हणजे ज्ञातीच्या सलगीनेंहि कट जमूं नये. खालीं नऊ पाइकांवर दहावा नाईक.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (सुमारें १७१५) यापुढची पायरी दिसते. हवालदार तीन वर्षांनीं, सरनोबत चार वर्षांनीं, सबनीस व कारखाननीस पांच वर्षांनीं बदलावे. एकदां सर्वांची नेमणूक बरोबर झाली तर पुन्हां सर्वांची बदली एकाच सालीं येण्यास साठ वर्षें लागतील. त्यामुळें गडावर माहितगार सदैव असे, पण जुनी टोळी कधींच बनत नसे.

हें तत्त्व प्राचीन आहे. कौटिल्यानें सैन्यावर अनेक मुख्य नेमावे असें सांगून कारणहि दिलें आहे: परस्परांच्या भयानें ते शत्रूच्या फितुरीस वश होत नाहींत. सीमेवरील दुर्गांसहि त्यानें हाच नियम लाविला आहे.

तथापि भय हें दरबार सबळ असेपर्यंतच चालतें. औरंगजेबाच्या अखेरच्या स्वारींत कित्येक गड पैका देऊन घेतले गेले. १७०२ मध्यें विशाळगड तसाच सुटला. १७०४ मध्यें तोरणा लाच न देतां हल्ल्यानें घेतला, ही गोष्ट इतिहासकारांस विशेष वाटावी, यांतच सर्व आलें. वेढ्यांत कुमक येईनाशी झाली म्हणजे तिघांचा स्वार्थ एक होतो. मग कोणीं कोणावर नजर ठेवावयाची?

कागद जमविणारांस यांतून एक उपयोग आहे. हलवर्ण येथील छावणीस शिवराज्याभिषेकाच्या सुमारास गेलेलें प्रसिद्ध पत्र जुमलेदार, हवालदार व कारकून या सर्वांस मिळून लिहिलेलें आहे. असा संयुक्त मायना केवळ शिष्टाचाराचा समजून नक्कल करतांना गाळूं नये. पत्र एकानें दडपूं नये, हीच त्यांतील योजना असावी असें आम्हांस वाटतें. गडाच्या रुमालांतील हजिरीपट, कोठाराचा हिशेब व हुकूम ताडून पाहिले, तर कोणत्या सालीं ही विभागणी खरोखर पाळली जात होती व कोणत्या सालीं ती नांवापुरती उरली, हें ठरवितां येईल. म्हणून असे रुमाल फोडून सुटे कागद विकूं अगर वांटूं नयेत.