ह्यूमनॉइड घेताय? आधी हात बघा!

२०१७ च्या गणेशोत्सवात पुण्याच्या पाटील ऑटोमेशन कंपनीच्या रोबोटने बाप्पाची आरती केली आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. या रोबोटला डोकं नव्हतं, पायही नव्हते. होता तो फक्त एक यांत्रिक हात, कारखान्यात असतो तसा, आणि त्या हातात आरतीचं तबक. काम एकच, पण नेमकं.

आता डोकं, छाती, दोन हात आणि दोन पाय असलेले रोबोट, म्हणजेच ह्यूमनॉइड, बाजारात आले आहेत. त्यांचे भाव जाहीर आहेत, काहींची मागणी ऑनलाइन नोंदवता येते. चाकणचा कारखाना असो, हिंजवडीतलं ऑफिस असो की एखादं मोठं रुग्णालय, "आपणही एक घ्यावा का?" हा प्रश्न आता खराखुरा झाला आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकणं बरं: नाच पाहून कुणी रोबोट घेऊ नये. हात किती वजन उचलतो, बॅटरी किती टिकते आणि पडला तर काय होतं, एवढं विचारलं की निम्मी झगमग उतरते.

भाव तोच, माल वेगळा

चिनी कंपनी युनिट्रीने जुलै २०२५ मध्ये 'आर१' जाहीर केला तो ५,९०० डॉलरला. म्हणजे सव्वापाच लाख रुपयांच्या आसपास. वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी वेगळे. वजन २५ किलो, सांधे २६, बॅटरी साधारण तासभर. आता गंमत पाहा. टाटा मोटर्सची पुण्यातली उपकंपनी टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्युशन्स हिने २०१७ मध्ये 'ब्राबो' हा भारतीय बनावटीचा औद्योगिक रोबोट विक्रीला काढला, तेव्हा त्याची किंमत होती ५ ते ७ लाख! त्याचे दोन प्रकार होते, एक २ किलो उचलणारा आणि दुसरा १० किलो. ज्या पैशात तेव्हा एक कामसू हात मिळत होता, त्याच पैशात आज अख्खी आकृती मिळते. पण काम मात्र हातच करतो.

आर१चा थोरला भाऊ 'जी१' मे २०२४ मध्ये १६,००० डॉलरला आला. उंची सव्वा मीटरच्या थोडी वर, वजन ३५ किलो, आणि हाताची ताकद जेमतेम २ किलोची. बोटंही मूळ किमतीत येत नाहीत. तीन बोटांचा पंजा हवा तर तो वेगळा घ्यावा लागतो. त्याहून उंच 'एच१' सुमारे ९०,००० डॉलरचा. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या नववर्षाच्या टीव्ही सोहळ्यात १६ एच१ रुमाल फिरवत नाचले, तेव्हा जग बघत राहिलं. नाच खरोखर सुंदर होता. खरेदीच्या कागदावर मात्र नाचाला रकाना नसतो.

पुणे स्टेशनवरचा कॅप्टन

जून २०२०, करोनाचे दिवस. मध्य रेल्वेच्या रेल्वे सुरक्षा दलाने पुणे स्टेशनवर 'कॅप्टन अर्जुन' नावाचा रोबोट उभा केला. प्रवाशाचं तापमान अर्ध्या सेकंदात टिपायचं, ते जास्त असेल तर इशारा द्यायचा, मास्क आणि सॅनिटायझर द्यायचा, वर फरशीही निर्जंतुक करायची. हा कॅप्टन चाकांवर फिरत होता आणि फलाटावर त्याचं काही अडलं नाही. स्वागतकक्ष, मॉल, बँक, रुग्णालयाचा मजला अशा सपाट जागेसाठी माझा कौल आजही चाकांनाच.

मुंबईत २०१७ च्या जानेवारीत एचडीएफसी बँकेने कमला मिल्सच्या शाखेत 'इरा' नावाची रोबोट स्वागताला ठेवली होती. ती कोचीच्या असिमोव्ह रोबोटिक्सबरोबर घडवलेली. त्याच वर्षाच्या शेवटी आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये 'सोफिया' ही ह्यूमनॉइड साडी नेसून आली आणि गर्दी लोटली.

स्वागताच्या रोबोटला एक प्रश्न पुण्यात विचारायलाच हवा: मराठी येतं का? पवईच्या केंद्रीय विद्यालयातले शिक्षक दिनेश पटेल यांनी टाकाऊ प्लास्टिक, पुठ्ठा, लाकूड, अॅल्युमिनियम वापरून घरच्या घरी 'शालू' ही रोबोट तयार केली. ती ९ भारतीय आणि ३८ परदेशी भाषांत बोलते असं त्यांनी सांगितलं, आणि त्यात मराठी आहे. एका शिक्षकाला घरी जे जमलं, ते लाखो रुपये घेणाऱ्या विक्रेत्याकडून मागायला संकोच कशाला?

ज्यांनी घाई केली

जपानच्या सॉफ्टबँकेचा 'पेपर' जून २०१५ मध्ये विक्रीला आला आणि पहिले १,००० नग एका मिनिटात संपले. गोड चेहरा, मोठे डोळे, उंची १२० सेंटीमीटर. पुढे सुमारे २७,००० पेपर तयार झाले आणि २०२० मध्ये उत्पादन थांबलं. लोकांना तो आवडला होता, पण पहिल्या आठवड्यानंतर त्याला रोज करायला काय द्यायचं, हे दुकानदारांना सापडलं नाही.

त्याहून बोलकी गोष्ट जपानच्याच हेन-ना हॉटेलची. २०१५ मध्ये रोबोटांच्या जिवावर सुरू झालेल्या या हॉटेलात पुढे २४३ रोबोट होते. २०१९ च्या सुरुवातीला त्यातले निम्म्याहून जास्त काढून टाकल्याची बातमी आली. खोलीतली 'चुरी' नावाची बाहुली पाहुण्याच्या घोरण्याला प्रश्न समजायची आणि त्याला मध्यरात्री उठवून पुन्हा बोला म्हणायची! झोपायला आलेल्या पाहुण्याला उठवणारा नोकर कोण ठेवील?

पाय लागतात कुठे?

पायांची खरी गरज पुण्यातच दिघीला नीट समजते. तिथल्या डीआरडीओच्या आर अँड डीई (इंजिनिअर्स) प्रयोगशाळेने बॉम्ब निकामी करणारा 'दक्ष' घडवला. तो जिने चढतो, ५०० मीटरवरून चालवता येतो, आणि त्याला दोन पाय नाहीत. याच प्रयोगशाळेत आता सैन्यासाठी ह्यूमनॉइडवर काम चालू आहे. जिथे माणसाला पाठवणं जिवावरचं, अशा अवघड जागी त्याने जायचं आहे. त्याच्या नुसत्या वरच्या धडाला २४ सांधे: प्रत्येक हातात ७, प्रत्येक पंजात ४, डोक्यात २. धड आणि पाय यांचे नमुने वेगवेगळे करून तपासले गेले, आणि २०२७ चं लक्ष्य सांगितलं गेलं. इथे पायांचा खर्च पटतो.

उलट इस्रोची 'व्योममित्रा' पाहा. जानेवारी २०२० मध्ये ती बंगळुरूत लोकांसमोर आली, ती पायांशिवायच. यानात वजनच नसेल तर पाय कशाला? जागेनुसार शरीर ठरवण्याचा इतका स्वच्छ विचार फार कमी ठिकाणी दिसतो.

आता कारखान्यातली मेख. नेहमीच्या रोबोटवर लाल बटण दाबलं की वीज तुटते आणि तो जागीच थांबतो. दोन पायांचा रोबोट सतत तोल सावरत उभा असतो; थांबलेली सायकल आपोआप उभी राहत नाही, तसाच तोही वीज तुटली की कोसळतो. साठ-सत्तर किलोचं यंत्र कुणाच्या पायावर पडलं तर? अशा तोल सांभाळणाऱ्या रोबोटांसाठी आयएसओ २५७८५-१ हे वेगळं सुरक्षा मानक त्यासाठीच आखायला घेतलं गेलं. विक्रेत्याला हा प्रश्न विचारा आणि तो किती वेळ घुटमळतो ते बघा.

गुरुवारची सुट्टी आणि दोन तासांची बॅटरी

भोसरी, पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. रोबोटला गुरुवार नको, चहा नको, पण बॅटरी मात्र हवी. जी१ चालतो साधारण २ तास. आठ तासांच्या पाळीला चार बॅटऱ्या, आणि त्या बदलायला एक माणूस! अमेरिकेच्या अॅपट्रॉनिकचा 'अपोलो' २५ किलो उचलतो आणि एका बॅटरीवर ४ तास चालतो. युबीटेकच्या 'वॉकर एस२'ने २०२५ मध्ये यावर छान तोड काढली: तो स्वतः चार्जरपाशी जातो, पाठीतली बॅटरी काढतो, भरलेली बसवतो, आणि हे सगळं ३ मिनिटांत.

एप्रिल २०२५ मध्ये बीजिंगच्या अर्धमॅरेथॉनमध्ये २१ ह्यूमनॉइड धावले. शेवटपर्यंत पोचले ६. पहिला आलेला 'तियानगोंग अल्ट्रा' २ तास ४० मिनिटांत पोचला, वाटेत तीनदा बॅटरी बदलून.

पाळीवर टिकला तो

नाच, शर्यत, साडी बाजूला ठेवून खरं काम केलेला रोबोट पाहायचा तर अमेरिकेतल्या स्पार्टनबर्गच्या बीएमडब्ल्यू कारखान्यात जावं लागतं. फिगर कंपनीचा 'फिगर ०२' तिथे ११ महिने होता. काम चाकणच्या कुणालाही ओळखीचं: पत्र्याचे भाग उचलायचे आणि वेल्डिंगच्या फिक्स्चरमध्ये बसवायचे. सायकल टाइम ८४ सेकंद. कंपनीच्या हिशेबाप्रमाणे १,२५० तासांवर काम, ९०,००० हून जास्त भाग, आणि ३०,००० हून जास्त एक्स३ गाड्यांना हातभार. सर्वाधिक बिघडलं काय? कोपर ते मनगट. मोटारी, तारा, उष्णता सगळं तिथेच दाटलेलं असतं. मला या सगळ्या माहितीतली ही सर्वांत मोलाची वाटते, कारण ज्याला देखभाल करायची आहे त्याला सुट्या भागांची यादी कुठून सुरू करायची ते इथे कळतं.

अॅजिलिटीचा 'डिजिट' २०२४ पासून जॉर्जिया राज्यातल्या जीएक्सओ कंपनीच्या गोदामात पेट्या उचलतोय. १६ किलोपर्यंत भार, पक्ष्यासारखे मागे वळणारे गुडघे. जीएक्सओने तो विकत घेतलेला नाही. कामाच्या सेवेचे पैसे मोजते. आपल्याकडेही सुरुवात अशीच व्हावी. तंत्र दर सहा महिन्यांनी बदलत असताना अख्खी किंमत एकरकमी अडकवणं लहान उद्योगाला परवडणारं नाही.

आणि घरासाठी आलेला '१एक्स निओ'? २०,००० डॉलर, किंवा महिना ४९९ डॉलर, पहिले ग्राहक अमेरिकेतले. जे काम त्याला येत नाही ते कंपनीचा माणूस दुरून, त्याच्या डोळ्यांतून पाहून करून दाखवणार! ऑफिसात असा रोबोट आणायचा तर कॅमेऱ्यात दिसणारे कागद कुणाकडे जातात, हे करारात लिहून घ्यावंच.

चाकणपुरतं बोलायचं तर आज तरी माझी पसंती कोबॉटला. बजाज ऑटोने २०१० पासून युनिव्हर्सल रोबोट्सचे कोबॉट कामाला लावले आणि त्यांची संख्या शंभरापुढे नेली. माणसाच्या शेजारी, बेंचवर बसवलेला एक हात. पडायची भीती नाही, बॅटरी नाही.

कॉलेजांनी मात्र घ्यावा

३१ ऑगस्ट २००८ रोजी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आशिया-पॅसिफिकची रोबोकॉन स्पर्धा झाली. विषय होता गोविंदा आणि दहीहंडी! देशोदेशीचे विद्यार्थी आपापले रोबोट घेऊन पुण्यात हंडीसाठी झुंजले. ज्या गावाने हे पाहिलं, त्या गावातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना खऱ्या ह्यूमनॉइडवर हात चालवायला मिळालाच पाहिजे. पुण्याच्या मक्स रोबोटिक्सनेही 'स्पेसिओ' नावाने स्वतःचे ह्यूमनॉइड मांडले आहेत. तिथे काम करायला मुलं लागणार ती इथूनच.

प्रयोगशाळेसाठी किंमत आणि आकार पाहता जी१ सोयीचा. फक्त एक काळजी घ्या. त्याची स्वस्त, साधी आवृत्ती रिमोटने चालते, हात हलवते, पण तिच्यात स्वतःचा प्रोग्राम घालून पुढचं संशोधन करता येत नाही. ती मुभा महागड्या 'ईडीयू' आवृत्तीत आहे. कोटेशन आलं की आधी ती तीन अक्षरं शोधा, मग किमतीवर घासाघीस करा.