लेखणीपासून संगणकापर्यंत

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे गाव नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील जैन मंदिरांत हस्तलिखित ग्रंथांचा मोठा संग्रह पिढ्यान्‌पिढ्या जतन करण्यात आला. 1926 साली नागपूर येथे प्रसिद्ध झालेल्या हस्तलिखितांच्या सूचीत रायबहादूर हीरालाल यांनी या ग्रंथांची नोंद केली.

छापखाने नव्हते त्या काळी ग्रंथाची प्रत करावयाची, म्हणजे त्यातील प्रत्येक अक्षर बोरूने लिहून काढावे लागे. हे काम करणारा लेखनिक तासन्‌तास मान वाकवून बसे. भारतातील अनेक जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिकाची एक विनवणी आढळते. पाठ, कंबर व मान मोडून आणि नजर खाली लावून हा ग्रंथ कष्टाने लिहिला आहे, तरी तो जपून ठेवावा, असा तिचा आशय असतो.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी 1700 साली निरनिराळ्या व्यवसायांतील व्याधींवर ग्रंथ लिहिला. 1713 च्या वाढविलेल्या आवृत्तीत त्यांनी लेखनिकांचाही विचार केला आहे. लेखनिकांच्या व्याधींची त्यांनी तीन कारणे सांगितली : सतत बसून राहणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण.

आज बोरूची जागा संगणकाने घेतली आहे. परंतु ही तीनही कारणे नाहीशी झालेली नाहीत. यंत्र थकत नाही. ते चालविणारा मनुष्य मात्र थकतो.

माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे 5 किलोग्रॅम असते. मान ताठ असताना कणा हा भार सहज पेलतो. मान पुढे झुकली की मानेच्या स्नायूंना तो ओढून धरावा लागतो. म्हणून संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावी. पाठीला आधार असावा, पावले जमिनीवर टेकलेली असावीत आणि मनगटे वाकडी होऊ नयेत. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालल्यास आखडलेले स्नायू मोकळे होतात.

डोळ्यांची गोष्टही अशीच आहे. जवळची वस्तू पाहताना डोळ्यातील स्नायू आकुंचन पावतो व त्यामुळे भिंग अधिक फुगीर होते; दूर पाहताना तो सैल पडतो. तासभर पडद्यावर नजर खिळविणे म्हणजे तासभर मूठ आवळून ठेवण्यासारखे आहे. शिवाय पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरू लागतात. यासाठी पडदा हातभर अंतरावर ठेवावा आणि दर 20 मिनिटांनी सुमारे 6 मीटर दूर असलेल्या वस्तूकडे निदान 20 सेकंद पाहावे. कारंज्याजवळील सोहोळच्या अभयारण्यात चरणारा काळवीटही मधूनमधून मान वर करून दूरवर पाहतो. तो संकटाचा अंदाज घेण्यासाठी असे करतो. संगणकापुढे बसलेल्या माणसानेही स्वतःच्या रक्षणासाठी ही सवय लावून घ्यावी.

मनाची काळजी शरीराइतकीच महत्त्वाची आहे. एका कामातून दुसऱ्या कामाकडे आणि अभ्यासातून खेळाकडे लक्ष सारखे धावत राहिले, की चित्त थकते व चिडचीड वाढते. रात्री प्रखर पडद्यासमोर बसल्याने झोप लांबते. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास झोप आवश्यक असते. म्हणून झोपेपूर्वी तासभर तरी यंत्र बंद करावे. दिवसा उघड्या मैदानावर खेळल्याने मन प्रसन्न होते आणि लहान वयात जवळची दृष्टी जडण्याचा संभवही कमी होतो. मान, हात किंवा डोळे वरचेवर दुखू लागले, तर ते दुखणे लपवू नये. वडीलधाऱ्यांना सांगून वैद्यांचा सल्ला घ्यावा.

जुन्या लेखनिकाने आपले शरीर झिजविले आणि पोथी जपण्याची विनंती केली. त्याच्या श्रमामुळेच ते ज्ञान पुढील पिढ्यांच्या हाती आले. पोथी जीर्ण झाली, तर तिची दुसरी प्रत करता येते. शरीराची दुसरी प्रत कोणालाही करता येत नाही. म्हणून ज्ञान मिळविणाऱ्याने ज्ञानाबरोबर आपले शरीर व मनही जपले पाहिजे.