भेटीचा वार बदलता येतो

घटस्फोटाने नवरा-बायकोचे नाते तुटते. लेकराचे आई-बाप मात्र तेच राहतात. म्हणून मूल कोणाजवळ राहील आणि दुसऱ्याने त्याला कधी भेटावे, हे कोर्ट ठरवून देते.

आपल्या पालीतलेच उदाहरण घेऊ. समजा, सात वर्षांची मुलगी आईजवळ राहते. बापाने दर रविवारी तिला भेटावे, असा हुकूम आहे. दिवाळीनंतर बाप ऊसतोडीला गेला. आता हंगाम संपेपर्यंत तो कारखान्यावर. रविवार आला की पोरगी दारात बसून वाट बघते. आई चिडून म्हणते, "आता याला पोरगी दाखवणारच नाही." तिकडे बाप म्हणतो, "मग मीही पोटगी देणार नाही." दोघांच्या भांडणात पोर झुरते.

अशा वेळी आपण काय करावे?

भेटीचा हुकूम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे तो पुढे बदलता येतो. हा कायदा बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. दोघांच्या संमतीने झालेला हुकूमही मुलाच्या हितासाठी बदलता येतो, असे सुप्रीम कोर्टाने १९७३ साली सांगितले.

ज्या कोर्टाने हुकूम दिला, तिथे अर्ज करावा. काय बदलले आणि आता काय हवे, ते स्पष्ट लिहावे. जसे, हंगामात ठरलेल्या वेळी फोनवर बोलणे. बाप गावी आल्यावर सुट्टीत आठ दिवस मुलीचा मुक्काम. दूरच्या आईने किंवा बापाने व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलावे, हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली मान्य केले आहे.

दोघांचे जमत असेल तर उत्तमच. पण नुसते तोंडी ठरवू नये. दोघांनी मिळून अर्ज द्यावा. कोर्ट एकच गोष्ट मुख्य धरते : मुलाचे हित कशात आहे? मूल जाणते असेल तर त्याचेही म्हणणे ऐकते.

नवा हुकूम होईपर्यंत जुनाच पाळावा लागतो. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये. भेट चुकली म्हणून पोटगी थांबवू नये.

वकिलाला पैसे नाहीत? बीडला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, मग उत्पन्न कितीही असो. कमी उत्पन्नाच्या पुरुषालाही मिळतो.

वार बदलला तरी चालेल. भेट तुटता कामा नये.