नाव नसलेला फोटो

न्यूयॉर्क येथे १९९१ साली आफ्रिकेच्या कलेचे एक प्रदर्शन भरले होते. त्यात माली या मुस्लिम बहुसंख्य देशाच्या राजधानीत, बामाकोत, काढलेले काही फोटो होते. लोकांना ते फार आवडले. पण खाली छायाचित्रकार 'अज्ञात' असे लिहिले होते. हा अज्ञात माणूस त्या वेळी हयात होता, बामाकोतच राहत होता आणि त्याच्या पेट्यांत हजारो निगेटिव्ह जपून ठेवलेल्या होत्या.

त्यांचे नाव सेदू केइता. मूळचे सुतार, वडील व काकांच्या हाताखाली शिकलेले. काकांनी १९३५ साली सेनेगलहून एक छोटा कोडॅक कॅमेरा आणून दिला आणि हा मुलगा त्या नादाला लागला. १९४८ साली त्यांनी घराच्या अंगणात स्टुडिओ थाटला. काम उन्हाच्या उजेडात चाले. फिल्म महाग, म्हणून एका गिऱ्हाईकाचा बहुधा एकच फोटो. तोच नीट यायला हवा. पहिला पडदा म्हणजे त्यांच्या पलंगावरची झालरीची चादर! पडदा ते दोन-तीन वर्षांनी बदलत. पुढे याच पडद्यांवरून कोणता फोटो कोणत्या काळातला, हे त्यांना सांगता आले. घड्याळ, पेन, रेडिओ गिऱ्हाईकांसाठी स्टुडिओत ठेवलेले असत. आपल्याकडच्या ताजमहालाच्या पडद्यापुढे उभे राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. (फोटो जायज की नाजायज, या चर्चेत आम्ही येथे शिरत नाही. हजच्या अर्जाला तो लावावाच लागतो.)

न्यूयॉर्कचे फोटो पाहून एका संग्राहकाने आंद्रे मान्यां या फ्रेंच जाणकाराला बामाकोला पाठवले. ते पोचले मालिक सिदिबे यांच्या दुकानात. दागिने घडवण्याचे शिक्षण घेऊन फोटोग्राफीकडे वळलेले सिदिबे हे केइतांचेच हमपेशा. त्यांनी फोटो पाहताच 'हे केइतांचे काम' म्हणून ओळखले आणि पाहुण्याला त्यांच्याकडे पाठवले. आलेले गिऱ्हाईक आपल्याकडेच वळवून घेणे अवघड नव्हते. पण त्यांनी तसे केले नाही. १९९४ साली पॅरिसमध्ये केइतांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. सिदिबे यांचेही नाव झाले, आणि २००७ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळालेले ते पहिले आफ्रिकी छायाचित्रकार ठरले. त्यांचा हिशेबीपणा उपयोगी पडला. तरुणांच्या समारंभांतील फोटोंच्या छोट्या प्रती ते क्रमांक घालून फाइलीवर चिकटवत. गिऱ्हाईक आपला फोटो शोधून मोठी प्रत मागे. धंद्यासाठी ठेवलेल्या त्याच फाइली आज कलाकृती म्हणून दाखवल्या जातात.

बामाकोत १९९४ पासून आफ्रिकेतील छायाचित्रकारांचे मोठे प्रदर्शन भरू लागले. नव्या मुलांना ओळख मिळण्याची ती एक वाट झाली.

केइता यांची गोष्ट मात्र इथे गोड होत नाही. त्यांच्या निगेटिव्हवरून मोठ्या प्रती निघाल्या, चांगल्या किमतीला विकल्या गेल्या. आणि निगेटिव्ह कोणाच्या ताब्यात असाव्यात यावरून भांडण जुंपले. २००१ साली ते वारले, वाद कोर्टात गेला. हजारो निगेटिव्ह जपणाऱ्या माणसाचा पक्का लेखी करार हाच कच्चा दुवा राहिला, असे आमचे मत आहे.

आपल्या स्टुडिओवाल्या बंधूंनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कोणी पैसे देऊन आपल्याकडून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो गिऱ्हाईक असतो, फोटो काढणारा नव्हे. गिऱ्हाईकाशी बोलून पावतीवर याविषयी दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. आणि प्रतीमागे आपल्या नावाचा शिक्का मारावा. शाईचा शिक्का बनवायला फार खर्च येत नाही.