‘आपल्या’ माणसाचा गौरव : वारजे परिसराच्या निमित्ताने सैनिक व खेळाडूंच्या सार्वजनिक सन्मानाचा विचार

प्रस्तावना

पुण्याच्या पश्चिमेकडून जाणारा बंगळूर महामार्ग वारजे येथे मुठा नदी ओलांडतो. येथून एका रस्त्याने शिवणे, उत्तमनगर ओलांडून पुढे गेल्यास खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी लागते. महामार्गानेच उत्तरेस गेल्यास बालेवाडीचे श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल येते. सैनिक घडविणारी देशातील अग्रगण्य संस्था आणि खेळाडू घडविणारे राज्यातील प्रमुख संकुल यांच्या दरम्यान वसलेल्या या उपनगरात दोघांच्याही गौरवाचे फलक चौकाचौकांत दिसावेत, यात नवल नाही. १९९७ साली महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या वारज्यात जुन्या गावठाणातील घराण्यांबरोबरच सातारा, सांगली, कोल्हापूर, मराठवाडा अशा अनेक भागांतून आलेली कुटुंबे राहतात. त्यामुळे ‘आपल्या गावचा सुपुत्र’ या शब्दप्रयोगातील गाव कोणते, हा प्रश्न येथे सहज उपस्थित होतो. कुटुंब उपनगरात आणि मूळ घर दूरच्या खेड्यात असेल, तर एकाच व्यक्तीसाठी दोन्ही ठिकाणी फलक लागतात व दोन्ही ठिकाणी सभा होतात.

सैनिकाला वाहिलेली श्रद्धांजली आणि खेळाडूचा सत्कार हे दोन प्रसंग बाह्यतः एकाच साच्याचे दिसतात. मध्यभागी छायाचित्र, वर नाव, खाली मान्यवरांच्या छायाचित्रांची रांग. एकीकडे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असते व दुसरीकडे ‘हार्दिक अभिनंदन’. पुष्कळदा याहून वेगळा फरक त्यांत नसतो. मान्यवरांची रांग कधीकधी मूळ छायाचित्राहून ठसठशीत असते, हेही नमूद केले पाहिजे. परंतु या दोन गौरवांचा काळाशी असलेला संबंध परस्परविरुद्ध आहे. सैनिकाचा गौरव त्याला स्वतःला कधीच मिळत नाही, तो मागे राहिलेल्यांना मिळतो. खेळाडूचा गौरव मात्र त्याच्या हयातीत, त्याला उपयोगी पडेल अशा वेळी करता येतो आणि तरीही तो अनेकदा उशिरा होतो. या भेदाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाव नसलेले स्मारक

रणात पडलेल्याचे स्मारक गावात उभारण्याची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे. वीरगळ हे तिचे सर्वपरिचित रूप होय. शिळेच्या खालच्या टप्प्यात युद्धाचा प्रसंग, त्यावर अप्सरा वीरास स्वर्गी नेत आहेत असे दृश्य, त्याहून वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी तिची सर्वसाधारण रचना असते. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरलेले आहे. मात्र महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाहीत. चंद्रसूर्य असेतो कीर्ती राहील असे शिळा सांगते, पण ती कोणाची हे सांगत नाही. गाव लहान होते आणि सर्वांना ठाऊक असलेले नाव कोरण्याची गरज कोणास भासली नसावी. पुढे जाणणारे लोक गेले आणि अनेक वीरगळ देवळाच्या पारावर शेंदूर लावलेले देव होऊन बसले.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने ज्या गावांतून मोठ्या संख्येने सैनिक गेले होते, तेथे शिलालेख बसविले. या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा त्यांचा ठरलेला मजकूर असे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने त्या युद्धात ४६ सैनिक गमावले, असे सांगितले जाते. ‘मिलिटरी अपशिंगे’ ही त्याची ओळख आजही कायम आहे. येथे वीरगळाच्या उलट घडले. लेख आला, पण त्यात नावाच्या जागी संख्या आली. मेसोपोटेमियात मराठा पलटणी मोठ्या प्रमाणावर लढल्या. तेथील बसरा स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, तर सामान्य हिंदी शिपायांची केवळ पलटणनिहाय संख्या देण्यात आली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात या भेदभावाची कबुली देऊन क्षमा मागितली. दरम्यान शंभर वर्षे उलटली होती.

पार्थिव घरी येऊ लागले

आज गावोगावी दिसणारा अंत्ययात्रेचा विधी फार जुना आहे असा समज आढळतो. वस्तुतः १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत धारातीर्थी पडलेल्या बहुतेक सैनिकांवर आघाडीजवळच अंत्यसंस्कार झाले. घरी तार येई, काही काळाने अस्थी वा सामानाची पेटी येई. पार्थिव घरी पाठविण्याची पद्धत व्यापक प्रमाणावर रूढ झाली ती १९९९ च्या कारगिल युद्धात. त्याच सुमारास खाजगी दूरचित्रवाहिन्या घराघरांत पोहोचल्या होत्या. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्याने सैनिकाचा मृत्यू हा गावाच्या डोळ्यांदेखत घडणारा सार्वजनिक प्रसंग बनला. तिरंग्यात लपेटलेली शवपेटी, पुष्पचक्रे, शोकशस्त्र, बंदुकीच्या फैरी, बिगुलाचे सूर आणि शेवटी घडी घालून कुटुंबीयांच्या हाती दिलेला ध्वज, हा क्रम आता शाळकरी मुलांनाही परिचित आहे. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज चितेत वा दफनभूमीत जाऊ देता येत नाही. अखेरच्या क्षणी तो काढून घेतला जातो. विधीतील बहुधा हीच एक गोष्ट कुटुंबाकडे कायमची राहते.

या स्थित्यंतरामुळे सैनिकाला नाव मिळाले, ही मोठी गोष्ट आहे. तथापि त्या नावाचा कालावधी आकसला. शिळेची जागा फ्लेक्सने घेतली व फ्लेक्स काही दिवसांत उतरतो. पार्थिव येईपर्यंतचे दोन दिवस घरापुढे रीघ असते, श्रद्धांजलीची भाषणे होतात, घोषणा होतात. त्यानंतर निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, मुलांचे शिक्षण आणि वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जाणारी स्त्री बहुधा एकटी असते. कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाडा जिल्ह्यात धारातीर्थी पडले. सातारा जिल्ह्यातील पोगरवाडी येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तेव्हा हजारोंचा जनसमुदाय लोटला होता. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पुढे निवडीची परीक्षा दिली, चेन्नई येथे प्रशिक्षण पूर्ण केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लष्करात अधिकारी म्हणून दाखल झाल्या. अंत्ययात्रेतील गर्दी आणि ही दोन वर्षे यांतील दुसऱ्या गोष्टीची सार्वजनिक आठवण तुलनेने क्षीण आहे.

या संदर्भात शब्दांचाही विचार आवश्यक ठरतो. फलकांवर ‘शहीद’ हा शब्द सर्रास असतो. धर्मासाठी साक्ष देऊन मरण पत्करणारा असा त्याचा मूळ अर्थ. त्यामुळे सैनिकी मृत्यूस तो लावावा काय, यावर मतभेद आहेत. केंद्र सरकारने संसदेत या शब्दाची अधिकृत व्याख्या नसल्याचे सांगितले असून लष्कराने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या विभागांना त्याचा इंग्रजी पर्याय न वापरण्याची सूचना केली. मराठीला येथे अडचण पडू नये. ‘हुतात्मा’ हा सावरकरांनी रूढ केलेला शब्द संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात निःशस्त्र नागरिकांनाही लागला, तर ‘वीरमरण’ आणि ‘धारातीर्थी पडणे’ हे शब्द रणातील मृत्यूसाठी अधिक नेमके आहेत. फलक तयार करणाऱ्याकडे इतका वेळ नसतो, हे मात्र मान्य करावे लागेल.

मिरवणूक आणि नंतरची वर्षे

खेळाडूच्या गौरवाचे मराठी मुलखातील सर्वांत बोलके उदाहरण खाशाबा जाधव यांचे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी काढली. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही मिरवणूक वारंवार वर्णिली जाते. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे कर्ज फेडले, ही गोष्ट तेवढ्या आवर्जून सांगितली जात नाही. आपल्या गौरवापूर्वीचा खर्च विजेत्यानेच भागविला, असा तिचा सरळ अर्थ आहे.

ते १९५५ साली पोलीस दलात दाखल झाले व १९८४ मध्ये अपघातात निवर्तले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर, २००० सालासाठी मिळाला. गोळेश्वर येथील कुस्ती अकादमीची घोषणा होऊनही काम पुढे सरकेना, म्हणून २०१७ साली कुटुंबीयांनी पदक लिलावात काढण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा कोठे वृत्तपत्रांना त्या घोषणेची आठवण झाली. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस २०२४ पासून राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो. गावाचा गौरव तत्काळ होता, राज्यव्यवस्थेचा अर्धशतकाने आला. खेळाडूच्या बाबतीत हा विलंब अधिक गंभीर मानला पाहिजे, कारण तो टाळता येण्याजोगा होता.

सैनिक आणि खेळाडू या दोन्ही भूमिका एकाच आयुष्यात जगलेले मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण तर या विषयाची कसोटीच आहे. सांगली जिल्ह्यात जन्मलेले पेटकर लष्कराच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात होते आणि मुष्टियोद्धे म्हणून नावारूपाला येत होते. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या व कमरेखालचे शरीर अधू झाले. त्यानंतर ते पोहणे शिकले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांची विक्रमी वेळ नोंदवून सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले सुवर्ण. युद्धात मृत्यू आला असता तर त्यांना पुष्पचक्र मिळाले असते. धडधाकट शरीराने पदक आणले असते तर मिरवणूक निघाली असती. जखमी होऊन जिवंत राहिलेल्या आणि अपंगांच्या स्पर्धेत जिंकलेल्या माणसासाठी मात्र समाजाकडे तयार विधीच नव्हता. पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली. जीवनगौरवासाठीचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी हाती आला. तत्पूर्वी २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला होता आणि अनेक पुणेकरांना हा माणूस आपल्याच शहरात राहतो हे तेव्हा कळले.

पुढील काळात परिस्थिती काही अंशी सुधारली. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेले हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा सराव बालेवाडीत, नोकरी मध्य रेल्वेत पुण्याला आणि घर कोल्हापूर जिल्ह्यात. साहजिकच स्वागत दोन्हीकडे झाले. पारितोषिकाची रक्कम त्याच दिवशी जाहीर झाली. परंतु पदकापूर्वीची बारा-पंधरा वर्षे, म्हणजे रायफल, काडतुसे आणि प्रशिक्षण यांचा खर्च, हा भाग आजही प्रामुख्याने कुटुंबाच्या आणि नोकरी देणाऱ्या संस्थेच्या खांद्यावर असतो. १९५२ मधील प्राचार्यांच्या घराशी त्याचे नाते लक्षात घेण्याजोगे आहे.

वापरात राहणारे नाव

कोणते स्मारक टिकते, याचे उत्तर वारज्याच्या परिसरातच काही अंशी सापडते. शेजारच्या कर्वेनगरात मेजर प्रदीप ताथवडे यांच्या नावाचे उद्यान आहे. ते २००० साली काश्मीरमध्ये धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र देण्यात आले. सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ आणि संध्याकाळी खेळायला येणारी मुले हे नाव रोज उच्चारतात. रिक्षाचालकाला पत्ता सांगतानाही तेच उच्चारले जाते. उच्चारणाऱ्यास प्रत्येक वेळी मेजर आठवतात असे नाही. पण चौकातील पुतळ्यापुढे वर्षातून दोनदा हार घालण्याहून हा नित्य उच्चार अधिक चिवट असतो, असे मानण्यास जागा आहे. उद्यानात नावाबरोबर चार ओळींचा वृत्तान्त वाचता येईल अशा उंचीवर असला, तर नाव पुन्हा व्यक्तीला जोडले जाते.

प्रबोधिनीची कथाही या दृष्टीने उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ तेथील सरकारने एक लाख पौंडांची देणगी दिली होती. फाळणीनंतर भारताच्या वाट्यास आलेली रक्कम पुतळ्याकडे न वळविता या संस्थेच्या उभारणीसाठी वापरण्यात आली. तिची मुख्य इमारत म्हणूनच सुदान ब्लॉक म्हणून ओळखली जाते. तेथील संचलनाच्या मैदानास सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे नाव आहे. पुण्यात जन्मलेले, याच प्रबोधिनीत शिकलेले खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या रणगाडायुद्धात वयाच्या २१ व्या वर्षी पडले. प्रत्येक तुकडीचे छात्र त्याच मैदानावरून बाहेर पडतात.

महाविद्यालयांच्या बाबतीत २०१७ साली ‘विद्या वीरता अभियान’ सुरू झाले आणि परमवीरचक्र मिळविलेल्या २१ वीरांची छायाचित्रे आवारात लावण्याचे आवाहन करण्यात आले. त्या एकवीसांत खेत्रपाल आहेत, तसेच १९६५ च्या युद्धात पडलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आहेत. तारापोर यांचे शालेय शिक्षण पुण्यात झाले. दोघेही ‘पूना हॉर्स’ या एकाच पलटणीचे होते. पुण्यातील महाविद्यालयाच्या भिंतीवर या तीन गोष्टींचा उल्लेख छायाचित्राखाली एका ओळीत सहज करता येतो. त्याच भिंतीच्या शेजारी स्वतःच्या महाविद्यालयातून सैन्यात गेलेल्यांची आणि विद्यापीठापलीकडे खेळलेल्यांची यादी लावण्यास कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही. सामान्य प्रवेशनोंदवही, राष्ट्रीय छात्रसेनेच्या जुन्या पटनोंदी आणि जिमखान्याचे अहवाल एवढे साहित्य बहुतेक महाविद्यालयांच्या दप्तरात असते. वारज्यासारख्या उपनगरातील विद्यार्थ्यांची मूळ गावे वेगवेगळी असल्याने त्या यादीत गावाचा स्तंभ स्वतंत्र ठेवावा लागेल आणि मृत्यूच्या नोंदी कुटुंबीयांकडून पडताळून घ्याव्या लागतील.