राई आणि देवराई

फोडणींत तडतडते ती राई आणि आंब्यांची असते तीहि राई. उच्चार एक असला, तरी पहिलीचें संस्कृत नांव ‘राजिका’, तर दुसरी ‘राजि’ या शब्दापासून आली. राजि म्हणजे ओळ किंवा रेघ. प्राकृतांत दोन स्वरांमधला ‘ज’ बहुधा गळून पडे. त्यामुळेंच राजकुलाचें राऊळ झालें, बीजाचें बी झालें आणि आम्रराजीची आमराई झाली.

वृक्षसमूहांना नांवें देतांना मराठी मोठी काटेकोर आहे. केतकीचें बन, बांबूचें बेट, करवंदांची जाळी, पोफळीची बाग; राई मात्र आंब्यासारख्या मोठ्या वृक्षांची. ‘अरण्य’ शब्दापासून आलेलें रान अफाट असतें. राईला कांठ असतो. दुरून ती रेघेसारखी दिसते आणि ती कोठें संपते हें सांगतां येतें. ओळीचा अर्थ लोपला, तरी हा मर्यादेचा अर्थ शब्दांत राहिला.

देवराईंत ही मर्यादा देवाच्या नांवानें राखलेली असते. सह्याद्रींतील पुष्कळ गांवांत अशा राईंत कुऱ्हाड चालवीत नाहींत. कित्येक ठिकाणीं वाळून पडलेलें लांकूडहि घरीं नेत नाहींत. कोंकणांत हिला देवरहाटी, कोडगूंत देवरकाडु, केरळांत कावु, तर राजस्थानांत ओरण म्हणतात. १९७० नंतरच्या दशकांत वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास केला. इतरत्र दुर्मिळ झालेल्या वृक्षवेली तेथें टिकून राहिल्याचें त्यांत दिसून आलें. पुष्कळ देवरायांच्या आश्रयानें झरेहि वाहते राहिले आहेत.

तथापि केवळ भीतीवर उभी असलेली मर्यादा भीती सरतांच मोडते. उघड्यावरील देवाला पक्कें देऊळ हवें म्हणून त्याच्याच राईंतील वृक्ष विकल्याचीं उदाहरणें आहेत. देवाला छप्पर मिळालें, पण त्याची राई गेली!

अलीकडे नव्या वृक्षलागवडीलाहि देवराई म्हणण्याची पद्धत पडली आहे. झाडें लावणें हें पुण्यकर्मच होय. परंतु ओळीनें रोपें लावलीं म्हणजे राई होते. देवराई होण्यास पिढ्यान्‌पिढ्या हात आवरावा लागतो. शब्द सांभाळावयाचा असेल, तर त्यांतील हा संयमहि सांभाळला पाहिजे.