गोळी कॅल्शियमची, धास्ती हृदयाची

पान-देठ परीक्षणाचा अहवाल हाती आल्याशिवाय दिंडोरीतला जाणता द्राक्ष बागायतदार बागेला कॅल्शियम नायट्रेट किती सोडायचं हे ठरवत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र गुडघे दुखले की गोळी सुरू होते आणि ‘त्यानं हार्ट अटॅक येतो’ असं कानावर आलं की बंद होते. घरात रोज पोटात किती कॅल्शियम जातं, हे कोणी मोजत नाही. धास्तीमागची कल्पना अशी, की खाल्लेलं कॅल्शियम पाइपात क्षार धरावेत तसं रक्तवाहिन्यांत चुना होऊन बसतं. तसं होत नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर काटेकोर सांभाळतं. कमी पडलं तर पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून ओढून घेते. धमनीत जे साचतं ते आधीच तयार झालेल्या चरबीच्या, सुजलेल्या थरावर, आणि त्या थराची मुळं तंबाखू, रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉलमध्ये असतात.

मग शंका आली कुठून? ती हवेतून आलेली नाही. २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी पाच चाचण्यांतल्या ८,१५१ जणांची माहिती एकत्र केली. गोळी घेणाऱ्यांत १४३ जणांना झटका आला, न घेणाऱ्यांत १११ जणांना. उलट अमेरिकेत ३६,२८२ स्त्रियांवर सात वर्षं चाललेल्या चाचणीत १,००० मिग्रॅ कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व देऊनही हृदयविकार वाढला नाही. मुतखडे मात्र वाढले. यावर आक्षेप असा, की त्यातल्या कित्येक जणी आधीपासून स्वतःहून कॅल्शियम घेत होत्या, त्यामुळे फरक झाकला गेला. आक्षेपात दम आहे. म्हणून वाद मिटलाय असं मी म्हणणार नाही. पण संशय आहे तो एकदम मोठा डोस देऊन काही तास रक्तातली पातळी चढवणाऱ्या गोळीवर, दूध-भाकरीवर नाही.

प्रौढ माणसाला दिवसाला १,००० मिग्रॅ कॅल्शियम लागतं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या नागलीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६४ मिग्रॅ असतं, पेलाभर दुधात दोनशेच्या वर. नागलीतलं सगळं अंगी लागत नाही हे खरं. भिजवून मोड आणले तर जास्त लागतं. उरलेली तूट डॉक्टरांनी हिशेब करून गोळीनं भरावी, तीही एका वेळी ५०० मिग्रॅपेक्षा जास्त नको. आकडा वाचताना घोळ होतो : १,२५० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेटात खरं कॅल्शियम ५०० मिग्रॅच असतं.

गरोदर बाईची गोष्ट वेगळी. सरकारी दवाखान्यात तिला ५०० मिग्रॅची गोळी दिवसातून दोनदा मिळते ती गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा धोका टाळण्यासाठी. हृदयाच्या भीतीनं ती बंद करू नका. फक्त लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी देऊ नका.